विसार

दिवाळीच्या पाडव्याला तात्यांचा फोन आला. "तुझी गाडी दोन दिस मोकळी हाय का?"

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वय पंचाहत्तरच्या पुढंमागं. नक्की तारीख घरात कुणालाच ठाऊक नाही, कारण ते वाटेवर जन्मले आणि शाळेत त्यांचं नाव कधी घातलंच नाही. त्यांनी माझ्याकडं आजवर काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी लगेच हो म्हटलं. कुठं जायचं ते विचारल्यावर म्हणाले, "निजामपूरच्या अलीकडं. पर आपल्या वाटंनं." निजामपूर म्हणजे खाली कोकणातलं, माणगावजवळचं.

'आपली वाट' हे शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

आम्ही धनगर. गाव बारामती तालुक्यातलं, सुप्याच्या बाजूचं. बारामती म्हटलं की पुण्यातल्या माणसाला ऊस आठवतो. पण त्या तालुक्याचे दोन भाग आहेत. नीरेचा डावा कालवा इंग्रजांच्या काळात निघाला, त्याचं पाणी जिथं फिरलं तो बागायती पट्टा. पाणी जिथं चढलं नाही तो आमचा जिरायती. आमच्याकडं येणारा पाऊस सह्याद्रीवर सगळा सांडून उरलेला असतो. भुरभुर येतो, माळावर बोटभर गवत उगवतं, आणि मेंढराला तेवढं पुरतं. कोकणातला पाऊस त्याला सोसत नाही, खुरं कुजतात. म्हणून पावसाळाभर माळ, आणि दिवाळी झाली, गवत वाळलं की वाडा पश्चिमेला निघायचा.

वाडा म्हणजे घर नव्हे. पाच-सात बिऱ्हाडं, चार-पाचशे मेंढरं, सामान लादलेली घोडी, सामानावर पाय बांधून बसवलेल्या कोंबड्या, दोन-तीन कुत्री आणि डाल्याखाली झाकायची नुकती जन्मलेली कोकरं, या सगळ्याला मिळून आम्ही वाडा म्हणतो. रोज सकाळी मोडायचा, रोज संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी रानात उभा राहायचा. ह्या 'दुसऱ्या कुणाच्या तरी'वरच आमचं सगळं चालत आलं. आमच्या नावावर जमीन फार नव्हती. पण सुप्यापासून माणगावपर्यंत कुठल्या शिवारात कुणाच्या विहिरीवर पाणी पाजायचं आणि कुणाच्या वावरात रात्री मेंढरं बसवायची, हे ठरलेलं असे. मेंढरं रात्रभर बसली की लेंडी आणि मूत जमिनीत मुरतं, खुरांनी ते आपोआप तुडवलं जातं, शेतकऱ्याला गाडीनं खत वाहावं लागत नाही. त्याच्या बदल्यात धान्य, पुढंपुढं पैसे. हिशेब रात्रीवर. किती रात्री, किती मेंढरं, एवढंच. कागद कधीच नव्हता.

तात्यांना घ्यायला मी पहाटे गावी पोचले तेव्हा ते अंगणात तयार बसले होते. तांबडा पटका, काठी आणि खांद्यावर घोंगडी. आई गोठ्यात होती. "तू चल की," म्हटलं तर म्हणाली, "धारा कोण काढणार?" तेवढंच कारण नव्हतं, हे मला पुढं ताम्हिणीच्या घाटात समजलं.

मेंढरं विकल्यावर आमच्याकडं आधी दोन आणि मग पाच संकरित गाई आल्या. जिरायती भागातल्या घरोघरी हेच झालं. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो. आम्ही त्याला पगारच म्हणतो, आणि खरोखर त्या शब्दानंच घराची घडी बसवली. किराणा, दवाखाना, माझ्या कॉलेजची फी त्यावर निघाली. मी आज पुण्यात एका कंपनीचे हिशेब बघते ते त्या दुधावर. हे विसरून मेंढरांचे गोडवे गायचा मला अधिकार नाही. पण त्या पगाराचं जोखडही मी पाहिलंय. सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालायचं, मशीन ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, दाखवतंय का ते श्वास रोखून बघायचं, पॉइंट घटला की दर घटला. सरकी पेंडीचा भाव वाढला म्हणून दुधाचा दर वाढत नाही. मुरघास विकत, डॉक्टर विकत, पाणी उन्हाळ्यात टँकरचं. आई एकदा म्हणाली होती, "मेंढरं व्हती तवा ती पुढं चालायची, म्या मागं. आता गाई उभ्या हाईत आन म्या पळतीय." लग्नाला, मयताला ती कधी मुक्कामी राहिली नाही. वाड्यावर असताना वर्षातले सात महिने फिरणारी बाई गेली चौदा वर्षं गोठ्यापासून चार तासांपलीकडं गेलेली नाही.

सुप्याहून मोरगावकडं निघालो. ह्याच बाजूला मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली चिंकारांसाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. सकाळच्या उन्हात गवत पिवळं दिसत होतं. तात्या काचेतून बघत म्हणाले, "हितं आमी पोरं असताना सगळा माळ असाच." माळाला सरकारी कागदात पडीक म्हणतात, ही माझ्या मनातली जुनी सल आहे. ज्या जमिनीवर चिंकारा, माळढोक, लांडगा आणि आमची मेंढरं जगत आली ती पडीक कशी? पण पडीक म्हटलं की काहीतरी लावायलाच हवं असं वाटतं. मग चर खणले, ग्लिरिसिडियाची झाडं लावली, कुंपण घातलं, चराई बंद. झाडाच्या सावलीत आमचं गवत मेलं. आता इंदापूरच्या कडबनवाडीला आणि आमच्या शिर्सुफळला वन विभाग गवताळ रानाची सफारी दाखवतो, आणि ती पाहिली पाहिजे असं मी सगळ्यांना सांगते, कारण माळाला माळ म्हणून बघायला लोक शिकताहेत. फक्त तिथला लांडगा दाखवताना त्याच्याशी पिढ्यान्पिढ्या नातं ठेवून असलेला धनगरही सांगायला हवा. तात्यांनी लांडग्याला चोर म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. कोकरू गेलं तर म्हणायचे, "त्याचा वाटा घिऊन गेला." संतापायचे, रात्रभर जागायचे, पण वाटा हाच शब्द वापरायचे.

जेजुरीला पायथ्याशीच थांबलो. तात्यांच्यानं पायऱ्या चढवत नाहीत. त्यांनी भंडारा कपाळाला लावला, चिमूटभर माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर टाकला. खंडोबानं बानाईसाठी तिच्या घरची मेंढरं राखली, ही कथा आमच्या ओव्यांत रात्र रात्र चालते. लहानपणी मला त्यातलं लग्न आवडायचं. आता वाटतं, देवाला मेंढरामागं फिरायला लावणाऱ्या लोकांना आपल्या कामाची केवढी किंमत वाटत असेल! आणि आज आमच्या भागात मेंढरामागच्या मुलाला पोरगी मिळत नाही. माझा चुलतभाऊ, तात्यांचा धाकटा, तेहतिसाव्या वर्षी उजवला, तोही 'दुग्धव्यवसाय' असं लिहून. मुलींचं मला चुकलेलं वाटत नाही. त्यांनी आपल्या आयांना पाहिलंय.

त्याच्याकडं आता एकवीस मेंढरं आहेत. वीस माद्या आणि एक नर, सरकारच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून अनुदानावर घेतलेली. ती चरायला जात नाहीत. शेड आहे, गव्हाण आहे. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देणारा गुण आमच्या दख्खनी मेंढीत आणला, तशी सुवर्णा जातीची दोन कोकरं त्यानं पैदाशीला आणलीत. नर माडग्याळचा, जतकडचा, बाकदार नाकाचा, डौलात उभा राहणारा. भाऊ हुशार आहे, वजन लिहून ठेवतो, लसीच्या तारखा मोबाइलवर लावतो. राज्यात मेंढ्या सुमारे २७ लाख आहेत, असं २०१९ ची पशुगणना सांगते. तेव्हा मेंढी संपत चालली असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. तिला मटणाचा भाव आहे. भाव गेला तो लोकरीचा.

मागच्या मार्चमध्ये मी गावी होते तेव्हा कातरणी झाली. मेंढी आडवी पाडून, पाय बांधून, दोन पात्यांच्या कातरीनं पोटाकडून पाठीकडं काळी लोकर सोलत नेली. ती एका तुकड्यात निघते, आतून मेणचट, उबदार, उग्र वासाची. पूर्वी ती घोंगडी विणणाऱ्या खुटेकर, सणगर यांच्या खड्डामागावर जायची. ताणा लावून त्याला चिंचोक्याची खळ चोपडत, म्हणून नवी घोंगडी फळीसारखी ताठ असते आणि वर्षभर अंगावर घेतल्यावर मऊ पडते. आता कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त आहे. घ्यायलाच कुणी येत नाही. भावानं सगळी लोकर पोत्यात भरून बांधाकडंच्या खड्ड्यात टाकली आणि वर माती लोटली. तात्या तिथंच उभे होते. त्यांनी पोत्यातून ओंजळभर काढून घेतली, बोटांनी पिंजत बसले, आणि जेवायला हाक मारेपर्यंत नुसती पिंजत राहिले.

सासवडहून बोपदेव घाटाकडं निघालो. दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे फलक. तात्या वाचू शकत नाहीत, पण फलक कसले हे त्यांना कळतं. "इमान उतरणार म्हणत्यात ह्या अंगाला," म्हणाले. पुरंदरच्या विमानतळासाठी सात गावांच्या जमिनी घ्यायचा घोळ बरीच वर्षं चाललाय, तो त्यांना ठाऊक होता. "ज्याची जिमीन त्याला पैसं मिळतील. ज्याची वाट व्हती त्याला काय मिळंल?" मी उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नव्हतं. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, कुळाचं असतं, विहीर आणि झाडंसुद्धा असतात. दरवर्षी कार्तिकात आठ रात्री ह्या रानात मेंढरं बसतात, हे लिहायला सातबाऱ्यावर रकाना नाही.

घाट उतरल्यावर पुणं सुरू झालं आणि तात्यांचं बोलणंही. येवलेवाडी, कात्रज, आंबेगाव, नऱ्हे. मी ज्यांना सोसायट्यांच्या आणि पुलांच्या नावानं ओळखते त्या जागा ते पाण्याच्या नावानं ओळखत होते. इथं ओढा, इथं एका माळ्याची मोटेची विहीर, इथं ज्वारीचं राखरान, ह्या उताराला दगडाचं कुंड. एका चौकात सिग्नलला त्यांनी हात वर करून दाखवलं, "ह्या माणसाची बायको ताकाची कासंडी ठिवायची पोरांसाठी." तिथं अकरा मजली इमारत होती आणि खाली मोबाइलचं दुकान. २०१७ साली महापालिकेत ११ गावं घेतली, त्यांत शिवणे, धायरी, आंबेगाव होती. २०२१ साली आणखी २३, त्यांत नऱ्हे, बावधन बुद्रुक. त्या याद्या मी तेव्हा पेपरात वाचल्या होत्या, मिळकतकराच्या काळजीनं. त्या दिवशी गाडीत लक्षात आलं की ती आमच्या मुक्कामांचीही यादी होती.

नऱ्ह्याजवळ बाह्यवळण रस्ता आला तसे ते गप्प झाले. कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडं येणारा तो उतार अपघातांमुळं पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. २०११ च्या दिवाळीनंतर तिथं पहाटे आमचा वाडा रस्ता ओलांडत होता. अर्धी मेंढरं पलीकडं गेली होती. वरून आलेला ट्रक थांबला नाही. तेवीस मेंढरं गेली आणि सामानाचं घोडं. बाबा त्यातून वाचले, पण त्यांचा पाय कायमचा अधू झाला. पंचनाम्याला दुपार झाली, तोवर मेलेल्या मेंढरांच्या कडेनं गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. भरपाई कधी मिळाली नाही. वाडा तिथूनच मागं फिरला. चैत्रापर्यंत मेंढरं विकली, बाबा एमआयडीसीत रखवालदार झाले.

आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा मेंढ्या रथाभोवती रिंगण धरतात. टीव्हीवर ते दरवर्षी दाखवतात. आमच्या नात्यातली माणसं मेंढरं घेऊन जातात. त्या दिवशी पोलीस रस्ता अडवून मेंढरांना मोकळा करून देतात, हजारो माणसं कडेला हात जोडून उभी असतात. मी ते बघताना दरवेळी रडते. एक दिवस असा मिळतो याचा आनंद असतो, आणि नऱ्ह्याची ती पहाटही आठवते.

चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मग मुळशीचा जलाशय लागला. कॉलेजात असताना मी सेनापती बापट रस्त्याच्या बाजूला राहायचे. त्या बापटांनी १९२१ मध्ये ह्याच धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता. आणि त्याच रस्त्यापासून जवळ, गोखलेनगरात, शेळी-मेंढी महामंडळाचं कार्यालय आहे, पत्ता 'मेंढी फार्म'. भावाच्या अर्जासाठी तिथं गेले तेव्हा मी बराच वेळ तो पत्ताच वाचत उभी राहिले होते. शहराच्या इतक्या मध्यभागी आमचा शब्द शिल्लक आहे, याचं मला अप्रूप वाटलं.

ताम्हिणीत एका वळणावर तात्यांनी थांबायला सांगितलं. उतरले, रस्त्याकडंच्या अंजनीच्या झाडाजवळ गेले, पटका काढून हातात धरला. दोन-तीन मिनिटं. परत येऊन बसल्यावर म्हणाले, "तुझी थोरली बहीण." मला एक बहीण होती, ती दोन वर्षांची असताना वाटेवर तापानं गेली, एवढं ठाऊक होतं. कुठं, ते आईनं कधी सांगितलं नव्हतं. जवळचा दवाखाना तेव्हा अर्ध्या दिवसाच्या चालीवर होता. वाट गेली म्हणून मी जे हळहळते, त्यात आईनं कधी सूर का मिसळला नाही, ते मला त्या वळणावर कळलं. घाट उतरून विळे येईपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही.

निजामपूरच्या अलीकडं तात्यांनी न चुकता डावीकडं वळायला लावलं. कौलारू घर, शेजारी नवी स्लॅबची खोली, पुढं भाताची खाचरं, कापणी होऊन आठवडा झालेली. ओटीवर एक म्हातारी सुपात काहीतरी निवडत होती. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि आधी पटका ओळखला. "काय वो, इतक्या वर्सांनी?"

घरधनी चार वर्षांपूर्वी गेले होते. मुलगा विळे-भागाडच्या एमआयडीसीत, दुसऱ्या पाळीला. भात अजून लावतात, खताच्या गोणी आणतात. पाणी झालं, चहा झाला. मग तात्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची घडी काढली, तिच्यातून पाचशेच्या चार नोटा काढून म्हातारीपुढं ठेवल्या.

"ह्यो तुमचा विसार."

मला काहीच माहीत नव्हतं. २०११ च्या वैशाखात परत फिरताना घरधन्यांनी पुढच्या सालच्या वीस रात्रींसाठी दोन हजार रुपये विसार, म्हणजे बोलीचे आगाऊ पैसे, दिला होता. त्या कार्तिकात वाडा नऱ्ह्यातून मागं फिरला. पैसे ट्रकच्या त्या दिवसातच खर्चून गेले. पुढं घरात दुखणी, लग्नं, गाई. आणि गाडी करून कोकणात जायचं ते कशासाठी, हे कुणाला सांगायची तात्यांना लाज वाटली.

म्हातारी नोटांकडं बघत राहिली. "ह्यांनी त्या साली खत टाकलंच नाय," ती म्हणाली. "पौषापरेंत वाट बघितली. मी म्हनायची, नाय येत आता. तर म्हनायचे, इसार घेतलाय म्हंजे येनार धनगर, कायतरी अडचन आली असंल."

तिनं पैसे नाकारले नाहीत. दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावले आणि आत जाऊन देवापुढं ठेवले. मला ते फार बरं वाटलं. नाकारले असते तर तात्या मोकळे झाले नसते.

आम्हाला तिनं रात्रीला ठेवून घेतलं. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी. उन्हं कलली तसे तात्या काठी घेऊन खाचरात उतरले. मीही मागोमाग गेले. कापलेल्या भाताच्या धसांमधून ते बांधाच्या कडेनं गेले आणि एका जागी काठी टेकली. "हितनं वाघूर लागायची." वाघूर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायची जाळी. मग पावलं मोजत पुढच्या कोपऱ्याला, तिथं काठी टेकली. मग तिसऱ्या. चौथ्या कोपऱ्यावर नव्या खोलीच्या बांधकामातून उरलेल्या विटांचा ढीग होता. तात्या क्षणभर थांबले, ढिगाला वळसा घालून पलीकडं गेले आणि तिथं काठी टेकली.